गच्चीवरनं आभाळ : तुमचे प्रश्न

प्रश्न : कोजागरीला गच्चीवर दूध आटवत बसलो होतो, चंद्र लई भारी दिसत होता म्हणून मोबाईलवर धडाधड फोटो काढले, तर सगळ्यांत नुसता पांढरा बल्ब! मोबाईल बदलू काय? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : अजिबात नको. होतंय काय, तर कॅमेऱ्याला भोवतीनं सगळा काळोख दिसतो, मग तो आपणहून उजेड वाढवतो, आणि चंद्रावर तर तेव्हा कडक ऊन पडलेलं असतं, मग तो पांढराफटक होणारच. स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बोट खाली ओढा, डाग दिसेपर्यंत. प्रो मोड (सगळं हातानं ठरवायची सोय) असेल तर आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ठेवा आणि शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) डाग दिसेपर्यंत कमी करत जा. डिजिटल झूमच्या नादाला लागू नका, त्यापेक्षा कुणाची दुर्बीण मिळाली तर तिच्या डोळा लावायच्या भिंगाला मोबाईल टेकवून बघा. आणि खरं सांगू का, पौर्णिमेचा चंद्र फोटोला सगळ्यात बेचव, समोरनं ऊन असतं त्यामुळं सावल्याच पडत नाहीत. अष्टमीचा घ्या, उजेड-अंधाराच्या कडेवर खड्डे कसे उठून दिसतात बघा.

प्रश्न : आमच्या गल्लीत एलईडीचा एवढा झगमगाट की चार चांदण्या दिसायची मारामार. ताऱ्यांच्या फोटोला पन्हाळ्यालाच जायला पाहिजे ना? (शिवाजी पेठ)

उत्तर : आकाशगंगा पाहिजे असेल तर गावाबाहेर जायलाच लागणार, त्याला इलाज नाही. पण मृग, व्याध, कृत्तिका एवढं पेठेतनंसुद्धा मिळतंय. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमाराला मृग जवळपास डोक्यावर असतो. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा म्हणजे खांबावरचा दिवा थेट लेन्समध्ये येत नाही, तांदळाच्या पिशवीवर मोबाईल आभाळाकडं तोंड करून टेकवा, प्रो मोडला आयएसओ ८००, शटर १० सेकंद, फोकस अनंतावर आणि ३ सेकंदांचा टायमर, कारण बटण दाबताना हात हलतोच. फोटो पिवळट-पांढुरका आला तर आयएसओ कमी करा. शटर २० सेकंदांच्या वर नेऊ नका, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तारे ठिपक्याऐवजी रेघा दिसायला लागतात. नंतर फोटो मोठा करून मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली बघा, तिथं एक पुसटसा डाग सापडेल, तो तारा नव्हे, तेजोमेघ म्हणजे वायू-धुळीचा ढग आहे, तिथं नवे तारे जन्माला येतायत!

गच्ची दक्षिणेला मोकळी असेल तर तुमची मजाच आहे. ध्रुव आपल्याकडं क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली, शेजारच्या अपार्टमेंटमागं सहज जातो. पण दक्षिणेकडं फेब्रुवारीत व्याधाच्या खाली अगस्तीचा तारा ठळक दिसतो, आणि मेच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमाराला अगदी खाली त्रिशंकू हा तारकासमूह. दिल्लीवाल्यांना तो पुरता उगवतच नाही, हे त्यांना जरूर ऐकवा. वळीव पडून गेल्यावर आभाळ धुतल्यासारखं होतं, ती रात्र सोडू नका. उसाचं पाचट पेटवतात त्या दिवसांत मात्र क्षितिजाजवळ सगळं धुरकटच.

प्रश्न : गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजीरनं (सनबर्ड) घरटं बांधलंय. फ्लॅश मारून पिल्लांचा फोटो काढला तर चालेल? (कसबा बावडा)

उत्तर : नाही चालणार, आणि फांदी-तार वाकवून आत डोकावूही नका. कपडे दोरी बांधून दुसरीकडं वाळवा थोडे दिवस. अंडी उबवायलाच दोनेक आठवडे लागतात, पिल्लं उडून जायला अजून तेवढेच. तुम्ही खोलीत पडद्याआड थांबा, खिडकीच्या फटीतनं बर्स्ट मोडवर (एका दमात पाठोपाठ फोटो) काढा, मादी दारात बसून चोच आत घालते तेवढा क्षण मिळाला तरी पुष्कळ. घरटंसुद्धा निवांत बघा, वाळकी पानं, सालपटं, सगळं कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवलेलं, आणि दारावर पावसापुरतं इवलंसं छज्जं!

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना दिवसा काय दाखवू? (उचगाव)

उत्तर : ६ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला गच्चीवर पाण्याची बाटली सरळ उभी करा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली बाटलीच्या बुडाखाली गडप होते. पाच-पाच मिनिटांनी वरनं फोटो काढायला लावा पोरांना, टोपी घालूनच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही हा योग येतो, पण आपल्याकडच्या त्या पावसात सूर्य दिसला तर नशीब!