प्रोस्टेटमुळे लघवी अडकली आहे. वडिलांना साधा कॅथेटर ठेवावा की सिलिकॉनचा?

तुम्ही लिहिलंय की वडील ७४ वर्षांचे आहेत, प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली म्हणून तातडीने नळी घातली, आणि आता मेडिकलवाला सिलिकॉनची महागडी नळी घ्या म्हणतोय. मी युरॉलॉजी वॉर्डात सिस्टर आहे. माझं म्हणणं असं की नळी किती दिवस राहणार आहे, ते आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. कोणती घ्यायची ते त्यावरच ठरतं.

लघवी अशी अचानक अडकली की बहुतेक वेळा टॅमसुलोसिनसारखी, प्रोस्टेटचे स्नायू सैल करणारी गोळी सुरू करतात आणि काही दिवसांनी नळी काढून लघवी आपोआप होते का ते पाहतात. तेवढ्यासाठी साधी, म्हणजे लॅटेक्सची (रबराची) फोली पुरते. फोली म्हणजे टोकाशी फुगा असलेली, मूत्राशयात टिकून राहणारी नळी. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र ती नकोच. ऑपरेशनला वेळ असेल आणि नळी महिना-दोन महिने राहणार असेल, तर सिलिकॉनवर पैसे खर्च करा. लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, पूर्ण सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत चालते. शिवाय सिलिकॉनची भिंत पातळ असते, त्यामुळे त्याच नंबरात आतली वाट मोठी मिळते आणि ती लवकर चोंदत नाही.

पाकीट नीट वाचा. ‘सिलिकॉन कोटेड’ म्हणजे आत लॅटेक्सच. पूर्ण सिलिकॉनची नळी बहुधा पारदर्शक दिसते, लॅटेक्सची पिवळसर आणि अपारदर्शक. चांदीचा थर असलेल्या नळीसाठी जादा पैसे देऊ नका. ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१२) थोड्या दिवसांच्या वापरात तिने संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही.

नंबर मोठा म्हणजे नळी चांगली, असं नातेवाईकांना हमखास वाटतं. एक नंबर म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे १६ नंबरची नळी सव्वापाच मिलिमीटर जाड. पुरुषांना १४ किंवा १६ सहसा पुरते. बाजूने लघवी गळते म्हणून जाड नळी मागू नका. गळण्याचं कारण अनेकदा मूत्राशयाचे झटके किंवा नळी चोंदणं हे असतं, आणि जाड नळीने झटके वाढतात. रक्ताच्या गुठळ्या असतील तेव्हाची तीन तोंडांची जाड नळी वेगळी, ती मूत्राशय धुण्यासाठी असते. सरळ नळी प्रोस्टेटपाशी अडत असेल तर टोकाला वाक असलेली टिमन नळी मिळते. ती जाणकारानेच घालावी. आणि कुणी कंडोम कॅथेटर (कंडोमसारखा बाहेरून चढवायचा) सुचवला तर ऐकू नका. तो गळणारी लघवी गोळा करतो, अडकलेली बाहेर काढत नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. नळी काढूनही लघवी झाली नाही, तर कायमची फोली हा एकच मार्ग नाही. दिवसातून चार-सहा वेळा पातळ, फुगा नसलेली नेलाटॉन नळी स्वतः घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. अमेरिकेत मिशिगनचे युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरइतकं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात पुरतात. अंगात सतत नळी राहिली की दिवसागणिक जंतू वाढत जातात. इथे तो धोका कमी, पिशवी नाही, माणूस फिरायला मोकळा. मधुमेहाने किंवा मणक्याच्या इजेने मूत्राशय अशक्त झालेल्यांना तर याचा फार उपयोग होतो. हात थरथरत नसतील आणि नजर ठीक असेल तर वयाची अडचण नाही. ७५-८० वर्षांचे आजोबा शिकताना मी पाहिले आहेत. पाण्याने बुळबुळीत होणाऱ्या थराच्या नळ्याही येतात. त्या महाग आहेत, पण घालताना टोचत कमी. वॉर्डात गर्दी असली की हे शिकवायला कुणाला वेळ नसतो, म्हणून तुम्हीच मागून शिकून घ्या.

हे जमणार नसेल आणि नळी वर्षानुवर्षं लागणार असेल, तर ओटीपोटातून घालायच्या नळीबद्दल विचारा. तिने मूत्रमार्गाला जखमा होत नाहीत.

सध्याची फोली घरी कधीच ओढू नका, आतला फुगा पाण्याने भरलेला असतो. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवा. पिशवीत लघवी येणं थांबून ओटीपोट फुगलं, थंडी वाजून ताप आला किंवा गुठळ्या दिसल्या, तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्या.