पाचव्या वचनाच्या अलीकडे

“मॅडम, मी चर्चच्या मंडळीचा पंच आहे. कुणाच्या घरी आजारपण असो, मयत असो, प्रार्थनेला मलाच बोलावतात. आणि गेले सात महिने स्वतःसाठी एक ओळ तोंडातून निघत नाही. माझा विश्वास गेला का?”

असं विचारणारे माझ्याकडे समुपदेशनाला बरेच येतात. कुणी म्हणतं प्रार्थना छताला आपटून परत येते, कुणी म्हणतं देवाचा राग येतो, हे पाप आहे का? इथे सांगते ती गोष्ट वरचा प्रश्न विचारणाऱ्या, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका काकांची. त्यांच्या परवानगीनं सांगतेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. धाकटा मुलगा मोटरसायकलवरून घरी येत होता, ट्रकनं उडवलं, ड्रायव्हर पळाला. सांत्वनाला आलेला प्रत्येकजण “प्रभूची इच्छा” म्हणून गेला. काका मान डोलवत राहिले. दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून हेच वाक्य त्यांनी स्वतः कितीदा उच्चारलं होतं! (मला विचाराल तर हे वाक्य मयताच्या घरी पहिलं वर्षभर तरी कुणी बोलू नये.)

पहाटे तीनला जाग यायची, जेवण तुटलं होतं, कपडे ढगळ झाले होते. जीव द्यावासा वाटतो का, हे मी सरळच विचारलं. “तसं नाही, पण उठून करायचं काय,” असं उत्तर आलं. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेणं म्हणजे अविश्वास तर नाही ना, ही शंका निघालीच. म्हटलं, “बीपीची गोळी सुरू केली तेव्हा पाळकांना विचारलं होतंत?” त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

मग चूक माझीच झाली. प्रार्थनेला सुरुवात म्हणून मी त्यांना बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र २३, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे, वाचायला सांगितलं. पुढच्या खेपेला ते म्हणाले, “मॅडम, हे मी पंचवीस वर्षं लोकांच्या मयतीत वाचलंय. माझ्या पोराच्या वेळीही कुणीतरी वाचलं. आता ‘मेंढपाळ’ म्हटलं की मला कबरस्तान दिसतं.”

मग मी स्तोत्र ८८ काढून दिलं आणि तिथेच मोठ्यानं वाचायला सांगितलं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, हिब्रू भाषेतलं तिचं नावच ‘स्तवनगीतं’ अशा अर्थाचं आहे, पण विलापाची आणि गाऱ्हाण्याची स्तोत्रंही तिच्यात भरपूर आहेत. बहुतेक विलाप शेवटी कुठेतरी वळतात, भरवशाची एखादी ओळ येते. ८८ वळत नाही. ते अंधारातच संपतं. काकांनी वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे आले.

“एवढंच? पुढचं कुठाय?”

“पुढचं नाही.”

“आणि हे पवित्र शास्त्रात छापलंय?”

“किती शतकं देवळात, चर्चमध्ये म्हटलं गेलंय.”

बराच वेळ ते गप्प होते. मग रुमाल काढला.

आपल्याकडे खरं तर याचं नवल वाटायला नको. जनाबाई विठोबाला तोंडावर शिव्या देते आणि आपण त्याला भक्ती म्हणतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असं ते स्वतः सांगत. पण मंडळीत उभं राहून प्रार्थना करायची म्हटली की आपली भाषा इस्त्रीची होते. रोज तीच घडी वापरून काकांची प्रार्थना नुसती घडीच उरली होती.

मी त्यांना स्तोत्र १३ दिलं. सहाच वचनं, म्हणजे क्रमांक घातलेल्या ओळी. पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर’, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. रोज पहाटे जाग येते तेव्हाच, मनात नाही, ओठांनी वाचायचं. वहीत आपला ‘कोठवर’ लिहायचा. जे वचन खोटं वाटेल तिथे थांबायचं, ओढूनताणून पुढे जायचं नाही. पहिले तीन आठवडे वहीत एकच ओळ होती: “कोठवर त्याची चप्पल दारात ठेवू?”

ट्रक ड्रायव्हरचा विषय मात्र ते टाळत. शत्रूंवर प्रीती करा ही आज्ञा त्यांना तोंडपाठ, त्यामुळे राग आतच कुजत होता. मी जरा धाडस केलं आणि स्तोत्र १०९ उघडलं. शापांचं स्तोत्र. पुष्कळ जण ते वाचायचं टाळतात, आणि मीही ते सगळ्यांना देत नाही. काका जोरजोरात वाचू लागले, आवाज चढला, टेबलावर मूठ आपटली. त्याची मुलं पोरकी होवोत, अशा अर्थाच्या नवव्या वचनाला मात्र आवाज अडकला. पुस्तक मिटलं.

“नको. एवढं नको. त्यालाही पोरं असतील.”

क्षमा हा शब्द त्यांनी वापरला नाही, मीही नाही. शाप द्यायची मुभा मिळाल्यावर तो कुठवर जाऊ द्यायचा, हे त्यांनीच ठरवलं. उपदेश करून मला ते कधी जमलं नसतं.

काकूंना मी एकदाच भेटले. मुलगा गेल्यापासून दोघं त्याच्याबद्दल बोललेच नव्हते. काका रडतील म्हणून काकू गप्प, काकू रडतील म्हणून काका. एका पहाटे त्यांचा आवाज ऐकून काकू स्वयंपाकघरातून येऊन शेजारी बसल्या. आता दोघं मिळून वाचतात. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीत कुणी वारलं, तेव्हा काका तिथे गेले, १३वं स्तोत्र वाचलं, भाषण केलं नाही, चहा घेऊन परत आले.

“पूर्ण वाचलंत?” मी विचारलं.

“चार वचनं मी वाचतो. पाचवं-सहावं अजून हीच वाचते.”