नाशिकमधून सायकॉलॉजीत एमए झालंय, आक्रमकता आणि ब्रेन स्टिम्युलेशनवर पीएचडी कुठे करता येईल?

आधी बंगळुरूची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था निमहान्स बघा, माणसांवर टीएमएस-टीडीसीएसचं (डोक्याबाहेरून चुंबकाने किंवा सौम्य विजेने मेंदूला चालना देण्याचं) काम तिथे बऱ्याच वर्षांपासून चालतं. म्हसरूळला आपलं आरोग्य विद्यापीठ आहेच, पण तिथे या विषयाचा गाइड आहे का ते आधी विचारा, गाइडशिवाय नुसती अ‍ॅडमिशन काही कामाची नाही. मी याच क्षेत्रात रिसर्च करते म्हणून सांगते, नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधन फेलोशिप) काढाच, पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात आणि गाइडही पटकन उत्तर देतात. फक्त एक लक्षात ठेवा, 2011 मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी प्रकाशाने चालू केल्या तर ते हवा भरलेल्या हातमोज्यावरही तुटून पडले, पण माणसात कपाळावर दीड-दोन मिलिअँपिअर वीज देऊन राग कमी होतो का याचे निकाल अजून उलटसुलट आहेत, त्यामुळे प्रपोजलमध्ये ‘उपचार’ असं लिहू नका.