आधी एकच भांडण निवडा

अरे, मेसेज वाचला तुझा. काउन्सेलरकडे जायला बायको तयार नाही, मग ऑनलाइन कोर्सचा काही उपयोग होतो का असं विचारलंयस. होतो, पण कुठलाही घेऊ नकोस.

तुम्ही अमेरिकेतच आहात तर 'अवररिलेशनशिप' हा जोडप्यांसाठीचा ऑनलाइन प्रोग्राम बघ. मायामी युनिव्हर्सिटीचे ब्रायन डॉस आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचे अँड्र्यू क्रिस्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी बनवलाय, २०१६ मध्ये त्यांनी ३०० जोडप्यांवरची ट्रायल छापली, काहींना लगेच प्रोग्राम दिला आणि बाकीच्यांना वेटिंगवर ठेवलं, तर ज्यांनी केला त्यांचं नातं तर सुधारलंच पण डिप्रेशन-अँग्झायटी पण कमी झाली. आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकला होता.

यात दोघांनी आधी वेगवेगळं बसून करायचं, मग प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एकत्र बोलायचं. सुरुवातीलाच एखादाच मुख्य प्रश्न निवडायला लावतात, हे मला फार पटतं, कारण तुम्ही दोघं एका भांडणात दहा भांडणं काढता.

मग त्या प्रश्नामागचं बघायचं. गावी पैसे पाठवण्यावरून तुमचं वाजतं ना? तुला तो हक्काचा खर्च वाटतो, तिला आधी विचारायला हवं होतं असं वाटतं, हा झाला फरक. ती एच-४ वर, म्हणजे तुझ्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, स्वतःची कमाई नाही, म्हणून न विचारणं तिला जास्त लागतं, आणि आईबाबांबद्दल कुणी बोललं की तू दुखावतोस. वरून व्हिसाचं टेन्शन. मग ती आवाज चढवते, तू लॅपटॉप उघडून बसतोस, तू गप्प म्हणून ती अजून चढवते. हे दोघांना एकदा समोर दिसलं ना, की चूक कुणाची हा प्रश्न मागे पडतो.

कोचचे छोटे कॉल असतात, ते टाळू नकोस रे. एकट्यानं सुरू केलेलं बरेच लोक अर्धवट सोडतात, कुणीतरी विचारणारं लागतं.

आता एक स्पष्ट विचारतो. कधी हात उचलला गेलाय का, ती तुला घाबरते का? तसं असेल तर हा प्रोग्राम नको, कारण घाबरलेलं माणूस खरं बोलू शकत नाही आणि बोललं तर नंतर त्यालाच भोगावं लागतं. १-८००-७९९-७२३३ ही अमेरिकेतली घरगुती हिंसाचारासाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते, हा नंबर तिच्याकडेही असू दे.

तसं काही नसेल तर या वीकेंडला तिला विचार. कोणता प्रश्न घ्यायचा ते तिलाच आधी सांगू दे, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नकोस.