उष्टं, शिळं आणि उष्टावण

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलंय: रात्री गंजात, म्हणजे पातेल्यात, उरलेल्या वरणाला सून 'उष्टं वरण' म्हणते, ते बरोबर का? आणि लेकराच्या उष्टावणाचा या उष्ट्याशी संबंध काय?

ताई, गंजात राहिलं ते उरलेलं, सकाळी तेच शिळं. हात-तोंड लागलं ते उष्टं, भांड्याला चिकटलं ते खरकटं. हल्ली लग्नाच्या मांडवातही 'दोन गंज भाजी उष्टी उरली' ऐकू येतं आणि माझं डोकं फिरतं. झाकणही न काढलेली भाजी उष्टी केली कोणी, बाप्पा?

काही गुरुजी हा शब्द 'ओष्ठ'वरून आणतात; ओठ लागला म्हणून उष्टं. ऐकायला गोड, पण चूक. ओष्ठाचा ओठ झाला, गोष्ठाचा गोठा, कोष्ठाचा कोठा. मग एकट्या उष्ट्यातच 'ष' कसा तग धरून राहिला? उष्टं आलं 'उच्छिष्ट'वरून. उद् अधिक शिष्, म्हणजे मागे उरणं. शेष, अवशेष, विशेष ही त्याच शिष् धातूची पोरं. धातूच धरून बसलं तर सुनेचं बरोबर निघतं, पण ते तिला सांगू नका.

खरी गंमत अथर्ववेदात आहे. अकराव्या कांडात या उच्छिष्टावर आख्खं सूक्त आहे: 'उच्छिष्टे नामरूपं चोच्छिष्टे लोक आहितः'. नाव, रूप, सगळा लोक उष्ट्यावर टेकलेला! वेदान्ती मंडळी म्हणतात, इथे उच्छिष्ट म्हणजे सगळं नाकारून उरतं ते ब्रह्म. अहो, त्याच कांडाचं पहिलं सूक्त ब्रह्मौदनाचं, म्हणजे शिजवलेल्या भाताचं आहे. तुम्ही भात तेवढा काढून टाकला आणि ब्रह्म ठेवून घेतलं. माझ्या मते ऋषीपुढे ताटच होतं.

आमची आजी नातवाने टाकलेली, वरणात भिजून फुगलेली भाकर कोपरातून, म्हणजे परातीतून, बोटांनी निपटून खायची. शेजारच्या पोराची मात्र कधी नाही. आणि गावगाड्यात हेच उष्टं राबणाऱ्यांच्या टोपल्यात वरून टाकलं जायचं, तेही विसरू नये.

नागपूरकडे 'जुठं' कानावर पडतं. हिंदीतला हा जूठा 'जुष्ट'वरून आला. जुष्ट म्हणजे आवडीने सेवलेलं. गीतेतल्या 'अनार्यजुष्टम्'मध्ये तोच आहे. शेजारणीचा शब्द आवडीचा, आपला उरल्याचा!

उष्टावण राहिलंच. पाखरं पेरू उष्टावतात, तसं मामाच्या मांडीवर बसून लेकरू पहिल्यांदा अन्न उष्टावतं. आता लोक लाजून पत्रिकेत 'अन्नप्राशन' छापतात. ताई, तुम्ही उष्टावणच छापा. नाहीतर मी जेवायला येईन, पण कुरकुरत येईन.