ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्सच्या 'हॅकनी डायमंड्स' या अल्बमवर जुने चाहते खरंच खूश आहेत का?

बहुतेक जण हो, पण एका तक्रारीसकट. २००५ नंतर थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम आला (२०१६ चा होता तो जुन्या ब्लूज गाण्यांचा). ऐंशीच्या घरातल्या गायक मिक जॅगरचा आवाज ऐकून सगळेच चाट पडले.

तक्रार आहे ती निर्माता अँड्र्यू वॉटच्या चकचकीत साउंडची. स्टोन्सचा तो जरा सैल, धुळकट बाज इथे घासूनपुसून काढलाय, असं जुन्या लोकांना वाटतं. मलाही पटतं ते. हेडफोन लावून ऐकलं की सगळंच पुढे येऊन आदळतं.

पण यातलं 'लिव्ह बाय द स्वोर्ड' हे गाणं ऐका. ड्रम्सवर बँडचा जुना ड्रमर चार्ली वॉट्स, २०२१ मध्ये वारलेला, आणि बासवर कधीच बँड सोडलेला बिल वायमन! इथे अनेकांचा गळा दाटून आला, माझाही.

अल्बमच्या शेवटी फक्त जॅगर आणि बँडचा गिटारिस्ट कीथ रिचर्ड्स. हार्मोनिका, गिटार आणि ब्लूज गायक मडी वॉटर्सचं तेच गाणं, ज्यावरून बँडला नाव मिळालं. तक्रार करणारेसुद्धा इथे गप्प होतात. आधी हेच ऐका, मग पहिल्यापासून लावा.