कुणग्याचं नाव सातबाऱ्यावर सहसा नसतं

प्रश्न: नमस्कार ताई, मालवण तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. चुलतभाऊ म्हणतायत पाडूया, स्लॅबचं बांधूया, दोन खोल्या होमस्टेला ठेवूया. वाळवी लागलीय, पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळत नाही, सगळं पटतं मला. पण "पाडूया" म्हटलं की पोटात गोळा येतो. तसं मी तिथे राहिलेय किती, तर मे महिन्याची सुट्टी आणि गणपती. उगाच इमोशनल होतेय का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: होताय, त्यात लाजायचं काय! पण आधी थोडा आगाऊपणा करते. अस्सल कोकणी घर म्हणून आपण ज्या कौलांचे फोटो काढतो ना, ती पण एकेकाळची नवी फॅशनच. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६० च्या दशकात सुरू झाला, त्याआधी आपल्याकडे नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, नाहीतर गवताने शाकारलेलं छप्पर. म्हणजे तुमच्या कुठल्यातरी खापरपणजीने "ही कसली चपटी कौलं" म्हणून नाक मुरडलं असणारच. तेव्हा कौलं उतरली की घर संपलं असं मी काही म्हणणार नाही.

मग गोळा कशाचा येतो? आमचं पाडलं तेव्हा मला कळलं. नवीन बांधताना घराचं तोंड रस्त्याकडे केलं, गाडी लावायला बरं पडतं म्हणून, कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. पूर्वी खळ्यातून, म्हणजे अंगणातून, चार पायऱ्या उतरलं की विहीर, विहिरीजवळ पाण्याची दगडी डोण (कुंडी), आणि तिच्या ज्या कडेवर आई आणि आजी टाचा घासायच्या ती एकच कड साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली. आता विहीर मागे पडलीय, पंप बसवलाय, तिकडे कोणी फिरकत नाही, डोण शेवाळलीय. आणि गंमत म्हणजे रात्री लाईट गेली की माझा पाय अजून त्या चार पायऱ्या शोधतो, ज्या आता नाहीतच. भिंतींची मला एकदाही आठवण आली नाही हो, त्या वाटेची येते.

म्हणून भावांना सांगा, बांधा स्लॅबचं, टाईल्स घाला, पण दार आहे त्याच दिशेला ठेवा, आणि तुळस, विहीर, गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) यांना जेसीबी लावू नका. गडगा पाडून कंपाऊंड वॉल घालायची हौस हल्ली सगळ्यांना आहे, का ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरं म्हणजे पाडायच्या आधी वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकीला घेऊन जमिनीतून एक फेरी मारा आणि ती बोलेल ते फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येक कुणग्याला, म्हणजे भातशेतीच्या तुकड्याला, नाव असतं. आमचा एक "फणसाकडचो", एक "म्हशीचो". फणस कधीच पडला, म्हैस कोणाची होती ते आमच्यातल्या कोणाला माहीत नाही, पण लावणीला माणसं अजून तिथेच बोलावली जातात. सातबाऱ्यावर सर्वे नंबर मिळेल, हिस्सा नंबर मिळेल, पंचवीस नातेवाईकांची नावं मिळतील, शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असला तरी "म्हशीचो कुणगो" बहुतेक नाही मिळणार. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ ला सुरू झालं, तिथल्या विहिरी आजही दूधबाव, दहीबाव, साखरबावच आहेत, कारण किल्ल्यात अजून वस्ती आहे, ती नावं घेणारी माणसं आहेत. तुमची काकी गेली की तुमच्या कुणग्यांची नावं कोण घेणार ते बघा.

प्रश्न: आडनाव वेंगुर्लेकर, पण आमच्या मुलीने वेंगुर्लं पाहिलेलंही नाही. कॉलेजमध्ये विचारतात तू कुठली, ती म्हणते पुण्याची. वाईट वाटतं.
(एक बाबा, पुणे)

उत्तर: का वाटून घेता? अहो, वेंगुर्ल्यात बसून वेंगुर्लेकर म्हणवून काय ओळख पटणार, तिथे सगळेच वेंगुर्लेकर! केळूस, परुळे, बांदा, कुठल्याही गावापुढचा हा "कर" चिकटतो तो गावाबाहेर पडल्यावर, लोक "हा कुठला" म्हणून विचारायला लागले की. म्हणजे तुमच्या घराण्यात कोणीतरी तिच्याआधीच बाहेर पडलेलं आहे. तिला एकदा बंदरावर घेऊन जा, आणि प्लीज, लेक्चर देऊ नका.

प्रश्न: आचऱ्याची गावपळण ही अंधश्रद्धा नाही का?
(एक विद्यार्थी, कणकवली)

उत्तर: असेलही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काही वर्षांनी एकदा, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन, अख्खं गाव गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतं. कोणी म्हणतं गाव देवाला मोकळं करून द्यायचं, कोणी भुतांचं सांगतं. मला ते खरं-खोटं करण्यापेक्षा हे जास्त इंटरेस्टिंग वाटतं की आपण सोडून गाव हे कोणीतरी वेगळं आहे, त्याला पण सुट्टी लागते, असं मानणारी माणसं अजून आहेत. मैत्रिणीच्या झोपडीत एक रात्र मी राहिलेय. गाणीबिणी संपली, सगळे आडवे झाले, आणि अंधारात कोणीतरी म्हणालं, "आता घराक कसा वाटत असात गो?" कोणी हसलं नाही. मग तिच्या सासूने विचारलं, "गॅसचा बटन बंद केलंस मां?"